मापाचं माणूस

३ फेब्रुवारी, सोमवार

एकदाचे पोचलो. मी, दादा, दोन ट्रंका, एक गादी आणि दादाची ती रंगाने कडक झालेली टोपी. टोपी मी निघतानाच कचऱ्यात टाकली होती. ती ह्याने कधी उचलली देव जाणे. गाडीत वळून बघते तर साहेब ती मांडीवर घेऊन बसलेले. मी म्हटलं, राहू दे बाबा, तुझा मुकुट तुझ्याजवळ.

खोली बघून जीव हरखला. गॅरेजच्या वर आहे, जिना वेगळा, मोठी खिडकी आणि खिडकीला लागून टेबल. नळाला दिवसभर पाणी. आधीच्या घरात पाण्यापायी आमच्या नाकी नऊ यायचे, त्यामुळे मी आल्या आल्या नळ उगाच दोनदा सोडून बघितला. दादाने भिंतीवर बोट फिरवून शेरा मारला की घाईत मारलेला हात आहे, खालचा जुना रंग खरडून काढलेला नाही. माझा मोठा भाऊ आयुष्यभर उंच टाक्या, मनोरे, धुराडी रंगवत आला. कधी खरचटलं नाही. आणि डोक्यावर पडला कुठे, तर आमच्याच दारातल्या पायरीवरून, दुधाची पिशवी हातात घेऊन. त्याला वर्ष होईल.

ज्या संस्थेत मी कामाला लागले तिचं कागदोपत्री नाव लांबलचक आहे. डोक्याला मार लागून उठलेल्या माणसांना पुन्हा हिंडतं-फिरतं करायचं हे काम. पण इथे सगळे नुसतं ‘घर’ म्हणतात. इथल्या नोकराच्या घरच्या माणसाला खाट आणि औषध मोफत, म्हणून तर मी धावत आले. अट एकच, नोकर धडधाकट हवा. मोठ्या डॉक्टर, ज्यांना सगळे बाई म्हणतात, त्यांनी माझी नाडी, डोळे, गुडघे सगळं तपासलं आणि हसून सांगितलं की तुझ्यासारखी ठणठणीत बाई इथे वर्षात आली नाही.

आणि नमनालाच अपशकुन. चाचणीच्या खोलीत तार शोधायला लोखंडी मांडणीखाली वाकले, उठताना कडेवर डोकं असं काही आपटलं की डोळ्यापुढे काजवे चमकले. खाली बसले ती बसलेच. वॉर्डातल्या मावशींनी ओला रुमाल दाबून धरला. त्यांचं म्हणणं पडलं की बाईंना सांगावं. मी त्यांनाच दटावलं. पहिल्याच दिवशी डोकं फोडून घेतलं म्हणून सांगू? दादाची खाट जायची. रक्त नाही, काही नाही, एक टेंगूळ. मावशी म्हणाल्या, बरं, माझ्या तोंडाला कुलूप. मग आम्ही दोघी हसलो. डोक्याच्या दवाखान्यात येऊन डोकंच आपटून घ्यायचं, म्हणजे कमाल झाली.

५ फेब्रुवारी, बुधवार

काम मला आवडलं. आधी रक्त तपासायची कामं केली, त्यात माणूस दिसतच नाही, नुसती बाटली दिसते. इथे माणूस समोर बसतो. पडद्यावर दिवा लागला की बटण दाबायचं. शब्द ऐकायचे आणि जरा वेळाने परत म्हणायचे. खुंट्या एकावर एक रचायच्या. छोट्या कुप्या हुंगून ओळखायच्या: लिंबू, साबण, लवंग, रॉकेल. मेंदूतली कुठली वाट मोकळी आहे आणि कुठली बुजली, हे त्यावरून कळतं म्हणे.

मशीन जुनं आहे, लहरी आहे. गरम दिवशी एक बोलतं, गार दिवशी दुसरंच. म्हणून इथल्या लोकांनी एक पद्धत काढली आहे. रोज सकाळी पेशंट यायच्या आधी घरातल्या एका निरोगी माणसाने सगळ्या चाचण्या द्यायच्या. त्या माणसाला जे जमेल ते त्या दिवसाचे शंभर. बाकी सगळे त्याच्यावर मोजायचे. वाण्याने दुकान उघडताना आधी काटा जुळवून घ्यावा, तसं. पूर्वी तिघं आळीपाळीने बसायचे. एक नोकरी सोडून गेला, एक बाळंतपणाला गेली, तिसऱ्याच्या जागी मी आले, बाकी दोन जागा कुणी भरल्याच नाहीत. आता मी एकटी. बाईंनी मला नाव ठेवलं, मापाचं माणूस.

दादाला सांगितलं तर तो म्हणाला की तुझ्यावर माप ठरवलं तर सगळं जग गरीब गाय निघेल. बघा, ह्याची जीभ तेवढी शाबूत आहे. मला फार बरं वाटलं. रागावल्यासारखं केलं आणि त्याला जास्तीचं बिस्किट दिलं.

९ फेब्रुवारी, रविवार

आज बाई निवांत होत्या. मी विचारलं की मार तर एकदाच बसतो, मग माणूस नंतर महिनोन्‌महिने का घसरत राहतो? त्यांनी टेबलावर दोन कप जवळजवळ ठेवले, मध्ये बोटभर फट. म्हणाल्या, मेंदूतल्या पेशी अशा असतात, एकमेकींना चिकटलेल्या नसतात. हिने रसायनाचा थेंब सोडायचा, तिने झेलायचा, की निरोप पोचला. सगळा कारभार त्या फटीत. डोक्याला हादरा बसला की साठवलेलं रसायन भसकन सांडतं. ग्लुटामेट त्याचं नाव. बेताने असलं तर पेशीला जाग आणतं, पूर आला तर पेशी थकून, तापून मरते आणि मरताना आपल्याजवळचंही सांडते. मग तिची शेजारीण. मार क्षणाचा, सांडलवंड कितीतरी दिवस. वरून बघावं तर नुसतं टेंगूळ.

पुढे खडखडाट. डोपामाइन म्हणून एक असतं, ते माणसाला ‘ऊठ’ म्हणतं. तेच आटतं. मग माणसाला सगळं कळतं, हवंही असतं, पण ऊठ म्हणणारं आत कुणी उरत नाही.

आमच्याकडे एक मास्तर आहेत. बसच्या दारातून पडले होते. चहाचा कप समोर येतो, मास्तर दांड्याला बोट लावतात आणि तसेच बसून राहतात. चहावर साय धरते. विचारलं तर सांगतात की हो, हवाय, प्यायचाच आहे. मावशींनी कोपराला नुसतं बोट लावलं की घटाघटा पितात. गंमत म्हणजे त्यांच्या हातात खडू देऊन फळ्यावर पहिलं अक्षर काढून दिलं, तर फळा भरेपर्यंत लिहितात. चालू केलेली गोष्ट चालत राहते, नवी सुरू होत नाही. त्यांना आणि दादालाही त्यासाठीच गोळी आहे, आटलेलं थोडं भरून काढणारी.

आमच्या आईने ह्याला सरळ आळस म्हटलं असतं आणि पाठीत धपाटा घातला असता. मलाही आळस खपत नाही. पण बाईंच्या समोर बोलले नाही.

संध्याकाळी अंग मोडून आलं. नवी जागा, नवं काम, चालायचंच.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

दमले बाई. काम तेच, तेवढंच, पण दुपारी असं वाटतं की कुणी अंगावर ओली गोधडी टाकली आहे. मावशी म्हणतात, तुझं तोंड उतरलंय पोरी. मी म्हटलं, चढलं कधी होतं?

दादाचं सांगते. तो अडकतो. जिन्यात एक पाय वर उचलतो आणि तसाच उभा. तोंडावर काही नाही, दुखत नाही, घाबरलेला नाही. पण ना वर, ना खाली. आज असाच गॅरेजच्या जिन्यात सापडला, तोल जाऊन गुडघा लटलटत होता. मी खालून हाक मारली, दादा, आणि सुटला. जसं काही झालंच नाही. हाक लागते फक्त. कुणाची का असेना, पण माझ्या हाकेला लगेच सुटतो. म्हणाला, तू बोलावलंस म्हणजे कामच असणार काहीतरी, नाहीतर शिव्या बसतील.

मी हसले आणि मग जिन्यातच बसून रडले. हा माणूस पाठीवर दोर टाकून आभाळाला रंग लावून यायचा. आमच्या आईबापामागे मला ह्याने वाढवलं. हा बरा झाला पाहिजे. मला दुसरं काही नको.

२० फेब्रुवारी, गुरुवार

घरात आनंदीआनंद आहे. सगळे सुधारताहेत. मास्तर सत्तरीवरून नव्वदीला आले. दादा परवा ब्याऐंशी, आज एकोणनव्वद. जी आजी लिंबाला साबण म्हणायची, तिचेही गुण वाढले. बाई खुशीत आहेत. नवी गोळी लागू पडली असं त्यांचं मत, दुसऱ्या गावच्या डॉक्टरांना फोन करकरून सांगताहेत. मला म्हणाल्या, तुझा पायगुण.

जीव भांड्यात पडायला हवा होता. पडला नाही. कारण मी मास्तरांना आजही कपाच्या दांड्याला बोट लावून बसलेलं बघितलं. आजी न्हाणीच्या दाराशी टॉवेल घेऊन उभी होती, किती वेळ कुणास ठाऊक. दादा तर जेवताना घास तोंडाशी नेऊन थांबला होता. कागदावर बरे, जिन्यात आजारी. भरल्या दुपारी वॉर्डातून चालत गेले तर इथे एक थांबलेला, तिथे एक थांबलेला, सगळ्यांचे डोळे उघडे, आणि भिंतीवर प्रत्येकाचे नव्वदीचे आकडे. ह्या घरातच काहीतरी आहे, ते माणसांना असं थांबवून ठेवतं, असं वाटलं. वेडपट विचार. दमल्यावर मनात काहीही येतं.

आज लवंगेची कुपी हुंगली, वास आला नाही. शिळी झाली असेल. बदलायला पाहिजे.

२५ फेब्रुवारी, मंगळवार

मावशींनी शेवटी कुलूप उघडलंच. बाईंना जाऊन सांगितलं, हिचं लक्ष नसतं, ही जेवायचं विसरते, पहिल्या दिवशी हिच्या डोक्याला लागलं होतं. मला बोलावणं आलं. मी जाताना ठरवत होते की टेंगूळ केव्हाच बसलं म्हणून सांगायचं. दादाची खाट.

पण सांगायची वेळच आली नाही. बाईंनी पडद्यावर माझे आकडे काढले. रोज शंभर, एक दिवस चुकलेला नाही. बाई म्हणाल्या, मावशी, ही तर घरातली सगळ्यात ठणठणीत. मग मला म्हणाल्या की झोप नीट घे आणि रविवारी काम करू नकोस. आकड्यापुढे कोण बोलणार?

काहीतरी खटकत होतं, जिभेवर येऊन परत जात होतं. विचार करावा म्हटलं तर डोळे मिटायला लागले.

आता दुपारचं काम झालं की मावशी मला खोलीत आणून बसवतात. मी पेन घ्यायचं विसरते, तर त्याच वही उघडून पेन हातात देतात. म्हणतात, लिही बाई, लिहिलंस की जरा माणसात येतेस. एकदा टोक कागदाला टेकलं की माझं मीच चालतं.

१ मार्च, शनिवार

मास्तर घरी गेले. त्यांची बायको ठेवणीतली साडी नेसून त्यांना न्यायला आली होती. बाईंच्या पाया पडायला निघाली, बाईंनी वरच्यावर धरलं. फाटकाशी मास्तर थांबले. बायकोने हात धरला, चालू लागले. त्यांची गोळी बंद केली आहे. शंभराजवळच्या माणसाला गोळी कशाला?

दादा चौऱ्याण्णव. त्याचीही गोळी सोमवारपासून कमी.

इथली एक रीत आहे. घरी सोडण्याआधी माणसाला आपलं स्वतःचं काम एक दिवस इथेच करायला लावतात. शिंप्याने शिवायचं, स्वयंपाकिणीने रांधायचं. कामाचा दिवस म्हणतात. मास्तरांनी फळा भरून दाखवला, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. पहिलं अक्षर मी काढून दिलं होतं, हे कुणी लक्षातच घेतलं नाही.

दादाने बाईंना सांगितलंय की तो धोबीखान्याचं धुराडं रंगवून देईल. लोखंडी आहे, तीन मजली उंच. बाई हो म्हणाल्या. पट्टा-दोर सगळं आणणार आहेत. ११ तारीख धरलीय. तो इतका खुशीत आहे की मला नाही म्हणवलं नाही. नाही म्हणायचं होतं मला.

५ मार्च, बुधवार

मास्तरांना परत आणलं. बायको भाजीला गेली होती. परत आली तर दाराबाहेरपर्यंत गॅसचा वास. मास्तर ओट्याशी उभे. गॅस सोडलेला, हातात काडी, पेटवलेली नाही. काडीपेटी दुसऱ्या हातात. तिने खिडक्या उघडल्या, त्यांना ओढत बाहेर नेलं. ती हे सगळं बाईंना सांगत होती. मास्तर शेजारी बसून मान डोलवत होते की हो, चहा करायचा होता.

बाईंनी पुन्हा चाचणी घेतली. शहाण्णव. मग म्हणाल्या की घरी गेल्यावर गोंधळले असतील, काही दिवस ठेवून पाठवू.

मी मशीनपाशी बसलेली. शहाण्णव. तेव्हा ते खटकलेलं जिभेवर आलं.

शंभर करायच्या आधी मशीन क्षणभर खरा वेळ दाखवतं. दिवा लागला, बटण किती उशिरा दाबलं. आज मी तो वेळ बघितला. पहिल्या दिवसाचाही मशीनमध्ये सापडला. आजचा त्याच्या दुपटीहून जास्त. म्हणजे मी खाली जाते आहे. मशीन माझ्या खाली जाण्यालाच शंभर म्हणतं. मास्तर जागच्या जागी, आजी जागच्या जागी, दादा जागच्या जागी. गाडीत बसलं की झाडं पळताना दिसतात, तसे ते वर जाताना दिसताहेत.

कुपी शिळी नव्हती. माझंच नाक गेलं. सगळ्यांना मोजायचं आणि मोजणाऱ्याला कुणी मोजायचं नाही. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा.

पहिल्या दिवशी सांगितलं नाही, ते ठरवून. आता खाट गेली तरी चालेल. बाईंना सांगायचं. उद्या सकाळी पहिलं काम.

६ मार्च, गुरुवार

सांगितलं नाही.

बाई समोर होत्या. जवळच, हात लावता येईल इतक्या. वाक्य तयार होतं: बाई, माझे शंभर खोटे आहेत. अख्खं वाक्य मनात मांडून ठेवलेलं. बाई फायली बघत होत्या, मी त्यांच्याकडे बघत होते. त्यांनी विचारलं, काही हवंय का. मी मान हलवली. नाही म्हणून हलवली. ती कुणी हलवली?

भीती वाटली. आळस नाही हा. आईने धपाटा घातला असता तर कदाचित –

सांगायला पाहिजे. दादाची गोळी अर्धी झाली.

७ मार्च

दादाचे शंभर. माझ्याइतके. बाईंनी मला मिठी मारली.

मिठीत असताना तोंड त्यांच्या कानाजवळ होतं. कानाजवळ. नुसतं कुजबुजलं असतं तरी –

दादा जेवताना म्हणाला की तू हल्ली शिव्या देत नाहीस. बरी आहेस ना गं बारके? त्याचे डोळे पाणावले होते. मी हो म्हटलं. त्याने विचारलं की होच येतं. विचारायला पाहिजे नीट कुणीतरी. डोक्याला लागलं का, असं विचारायला पाहिजे.

वाटतं खूप. कुणी म्हणेल ह्या लोकांना काही वाटत नाही. वाटतं. आत नुसता आक्रोश चाललाय आणि हात मांडीवर आहेत.

शनिवार, की रविवार

मावशींना दाखवावी ही वही. वाचता येत नाही त्यांना, पण त्या बाईंकडे नेतील. पुढे करायची, बस. त्या समोरच बसतात, मी लिहिते तेव्हा. आत्ताही बसल्यात, वाती वळल्यासारखी बोटं चाललीत त्यांची, पदराशी. आत्ता वही उचलून –

उठल्या. गेल्या. म्हणाल्या, लिही, मी येते.

मला वाटलं होतं ह्या घरात काहीतरी आहे. लोकांना थांबवतं. काही नाही. कुणी नाही. तेच तर भयंकर. आत ऊठ म्हणायला कुणीच नाही –

सोमवार

उद्या कामाचा दिवस दादाचा. गोळी आजपासून बंद.

जिन्यात अडकला होता. मी वरच्या पायरीवर. तो खाली. दोघं एकमेकांकडे बघत होतो. मी हाक मारली नाही. मारायची होती. माळ्याने हाक दिली तेव्हा सुटला.

त्याने मला काही विचारलं नाही. मला वाटतं त्याला कळलं. मग म्हणाला की उद्या वरून तुला हात करीन, खिडकीत बस.

देवा, उद्या पाऊस पाड. वारा सोड. काहीतरी –

मंगळवार

मावशींनी बसवलं. पेन दिलं. धुराड्याकडे तोंड करून बसवलं, भावाचं कौतुक बघ म्हणाल्या. खिडकी उघडून दिली. गेल्या जेवण वाढायला.

दादा चढतोय. टोपी घातलीय. बाई होत्या खाली, फोटो काढून गेल्या. माळी दोर धरून होता, रंगाचा डबा विसरला म्हणून धोबीखान्यात गेलाय. इकडची बाजू फक्त ह्या खिडकीतून दिसते.

छान चढतो. मुळीच वाटत नाही की –

वरच्या कड्याला पट्टा बदलायचा. एक सोडायचा, दुसरा अडकवायचा.

सोडला.

थांबला.

कडी हातात आहे. अडकवलेली नाही. एक पाय उचललेला. हात करत नाही. माझ्याकडे बघतोय. डोळे दिसतात इथून. गुडघा लटलटायला लागला.

हाक. एक हाक. माझ्या हाकेला लगेच सुटतो. खिडकी उघडी आहे. घसा ठीक आहे. नाव माहीत आहे. पेन चाललंय म्हणून चाललंय, ते सोडून तोंड –

सोडते.

सोडते पेन. दादा अरे मी मारते हाक, मारतेच आहे, हे एवढं वाक्य संपलं की